क्लेमच्या नावाचा परजीवी

नोस्के घराण्यात ज्याला जे हवं होतं ते नेमकं दुसऱ्याच्या पदरात पडलं. थीडाला जमीन हवी होती. नॉयडॉर्फ गावाच्या पलीकडे, जिथून पुढे गहू पेरू नये असं जुनेजाणते सांगत, तिथे त्यांची मेंढ्यांची जमीन होती. खारझुडपं, चुनखडीचे दगड आणि वाऱ्यावर उडणारी तांबडी माती. पोरवयात ती बापाच्या मागेमागे कुंपणाच्या तारा ताणत हिंडायची. तिच्या पाठच्या भावाला, क्लेमला मात्र मेंढीचा वास सोसायचा नाही. त्याला अ‍ॅडलेडला जाऊन मोटारींची इंजिनं खोलायची होती. पण बाप जुन्या वळणाचा, जर्मन मुळाचा लुथरन ख्रिस्ती. जमीन मुलाला आणि शिक्षण मुलीला, असा त्याने न्याय केला आणि वर, "दोघांनाही दिलंय, आता कुरकुर नको," म्हणून मोकळा झाला.

थीडा शिकली. अ‍ॅडलेडला जनावरांच्या रोगांच्या सरकारी प्रयोगशाळेत लागली आणि रक्तातले परजीवी ओळखण्यात मुरत गेली. क्लेम मेंढ्या राखत राहिला. दोघांत भांडण असं नव्हतं. पण नाताळचं कार्ड आणि वाढदिवसाचा फोन यापलीकडे काही नव्हतंही. माझ्या वाटणीचं हिने नेलं, माझ्या वाटणीचं याने नेलं, हे दोघांच्याही मनात कुठेतरी रुतलेलं होतं, आणि बोलून कुणीच दाखवलं नाही. मनातलं मनात ठेवायचं, ही नोस्के घरातली खरी वडिलार्जित मालमत्ता.

आई गेली तेव्हा थीडा चाळिशीला टेकली होती. दफन झालं, चर्चच्या हॉलमध्ये चहा आणि यीस्टचा केक झाला, आणि क्लेम तिला आपल्या मागून उघड्या गाडीतून घरी नेत होता. रस्त्याच्या मधोमध एक झोपाळ्या ऊन खात पडला होता. अननसासारख्या जाड खवल्यांचा, आखूड पायांचा, तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे पटकन न कळणारा हा सरडा. त्याला त्या भागात सगळे याच नावाने हाक मारतात, कारण गाडी अंगावर आली तरी त्याची झोप मोडत नाही.

क्लेमने ब्रेक मारला. "नाही हालायचा तो. सगळा रस्ता त्याच्या बापाचा आहे."

"तुझ्यासारखाच," थीडा म्हणाली.

क्लेमने चमकून तिच्याकडे पाहिलं आणि आईला मातीत ठेवल्यापासून पहिल्यांदा हसला.

थीडा काळ्या कपड्यांतच खाली उतरली. सरड्याच्या कानात फुगलेल्या गोचिडी लटकत होत्या. तिला राहवलं नाही. तिने त्याला उचलून गाडीत घेतलं, घरी आल्यावर त्याच्या नखाच्या टोकाला बारीकशी चीर दिली आणि थेंबभर रक्त काचेच्या पट्टीवर घेऊन दुसऱ्या पट्टीने ओढून पातळ पसरवलं. दुसऱ्या दिवशी तिला शेजारच्या तालुक्यात मेंढ्या तपासायला जायचं होतं, म्हणून मायक्रोस्कोप गाडीत होताच. काच वाळवून, स्पिरिटमधून काढून, जांभळा रंग चढवून तिने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मायक्रोस्कोपखाली लावली. क्लेमची बायको रॉझलिन उष्टी ताटं आवरत होती. ती पुटपुटली, "सासूबाईंच्या टेबलावर आज सरडा. त्यांनी पाहायला हवं होतं."

"क्लेम, ये. बघ."

क्लेमने डोळा लावला. सरड्याची तांबडी पेशी लांबट असते, तिच्या मधोमध जांभळा ठिपका. काही पेशींमध्ये त्या ठिपक्याला एका कडेला रेटून दुसरंच कुणीतरी ऐसपैस पसरलं होतं.

"हा कोण उपटसुंभ?"

"परजीवी."

"भाडं देतो?"

"छे."

"म्हणजे आपला लेस्टरमामा." क्लेमने डोळा काढला नाही. बराच वेळ काढला नाही. मग हळूच म्हणाला, "आयुष्यभर हे सरडे बघतोय मी. आत कुणी राहत असेल असं कधी डोक्यात आलं नाही."

त्या दिवसापासून दोघांचं सुरू झालं. दर वसंतात, झोपाळे जोडीजोडीने बाहेर पडले की थीडा रजा काढून जमिनीवर यायची. क्लेम सरडे शोधून आणायचा आणि पोटाशी धरायचा, थीडा रक्त काढून काचा ओढायची. जिथला सरडा तिथेच परत. कुठली जोडी कुठल्या झुडपाखाली असते हे क्लेमला पाठ झालं. एखादी मादी दरवर्षी त्याच नराबरोबर दिसली की तो आनंदून सांगायचा, "हे बघ, यांचं अजून टिकलंय. आमच्या पाद्र्याच्या मुलीचं नाही टिकलं."

दुपारी झाडाच्या विरळ सावलीत मेटवर्स्टचं जर्मन सॉसेज घातलेले पाव आणि थर्मासमधला चहा. तेवढ्यात बोलणं व्हायचं. बापाविषयी, आईविषयी, आणि पुष्कळसं त्या उपटसुंभाविषयी. थीडाने त्याला समजावलं होतं की गोचीड सरड्याचं रक्त पिते, तेव्हा हा तिच्या पोटात जातो, तिथे एकाचे हजार होतात, आणि मग सरडा कधीतरी ती गोचीडच गिळतो, की हा पुन्हा घरी.

"म्हणजे गोचीड सरड्याला खाते, सरडा गोचिडीला खातो, आणि दोघांच्या जिवावर जेवतो तिसराच," क्लेम म्हणाला. "अगदी वकिलासारखं."

एकदा त्याने विचारलं, "पण हा अमक्याच जातीचा, हे ओळखतेस कशावरून? मला सगळे शेंगदाणे दिसतात."

"तू तुझी मेंढी कशावरून ओळखतोस?"

"तोंडावरून."

"मग मीही तोंडच बघते. जाड की सडपातळ, अंगावर कवच आहे का, वाकडा बसतो की सरळ, पेशीला फुगवतो की आवळतो. आणि कुणाच्या अंगात सापडला, कुठल्या गोचिडीतून आला. सगळं मिळून एक तोंड होतं."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर माझ्याच कुणा भाईबंदाने येऊन खोडायचं."

क्लेमच्या जमिनीचं एक वैशिष्ट्य होतं. सरड्यांवर दोन जातींच्या गोचिडी सापडत, आणि त्यांची हद्द जणू आखलेली. मधल्या कुंपणाच्या पश्चिमेला एक जात, पूर्वेला दुसरी. गोचिडी दोन, तर त्यांच्यातून येणारे परजीवीही दोन असायला हवेत, असं थीडाच्या मनाने घेतलं. आतापर्यंत शास्त्राला एकच ठाऊक होता. पूर्वेच्या कुंपणापलीकडे दुसरा असेल, या कल्पनेने ती झपाटली. पण दर वसंतात पूर्वेकडच्या काचांवरही तोच जुना शेंगदाणा.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. थीडाचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी प्रवासाला बंदी घातली होती. पर्थकडच्या एका संशोधकाने याच परजीवीवर काम सुरू केल्याचं तिच्या कानावर आलं होतं. ती अंथरुणात तळमळत होती. शेवटी तिने क्लेमला फोन करून सांगितलं, यंदा तूच काढ, फक्त पूर्वेकडचे. रक्त काढायला आणि काच ओढायला तो शिकला होता. तारा ताणून राठ झालेल्या त्याच्या बोटांत काचा फुटायच्या, पण जमायचं.

काचांचं खोकं आलं. थीडाने घरीच मायक्रोस्कोप मांडला आणि तिच्या हातापायांतली कमजोरी पळाली. हे तोंड निराळं होतं. वाम माशाच्या पिल्लासारखे सडपातळ, अंगावर कवच नसलेले परजीवी. कित्येक तर पेशीच्या बाहेरच, मोकळे. ज्या पेशींत होते त्या पेशी सुरकुतलेल्या. सगळे पूर्वेकडच्या सरड्यांचे.

तिने लगेच फोन लावला. "क्लेम, रक्त काढल्या काढल्या काच ओढलीस ना? तिथल्या तिथे?"

पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग क्लेम म्हणाला, "हो हो."

"नक्की?"

"म्हटलं ना, हो."

"मग क्लेम, आपल्याला सापडला!" असं म्हणून तिने फोन ठेवला. दुसरं काही तिने विचारलं नाही.

बरी झाल्यावर एकदा स्वतः जाऊन पाहून यावं असं तिला वाटलं होतं. शंका चाटून गेली होती, नाही असं नाही. पण पर्थच्या माणसाची धास्ती मोठी होती. तिने लिहून काढलं, चित्रं काढली, मोजमापं दिली, आणि तो लेख छापून आला. नव्या जातीच्या लांबलचक लॅटिन नावाच्या शेवटी तिने लावलं होतं: क्लेमेंटी.

क्लेम आणि रॉझलिनला मूल नव्हतं. त्याची हळहळ क्लेमने कधी दाखवली नव्हती. पण छापलेला कागद हातात पडल्यावर तो अंगणात जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ आत आला नाही. संध्याकाळी गावच्या पबमध्ये त्याने सगळ्यांना बिअर पाजली. 

"अरे, क्लेमच्या नावाचा रोग निघालाय म्हणे!" फुटबॉल क्लबातला एकजण ओरडला.

"रोग नाही रे, परजीवी. सरड्याला त्रासही देत नाही. सज्जन आहे."

"मग तुझ्यावर नाही गेला."

"हसा लेको. तुम्ही मेलात की तुमची नावं दगडावर. माझं रक्तात फिरणार, दर गोचिडीबरोबर नवीन."

गाव त्याला 'परजीवी' म्हणूनच हाक मारू लागलं आणि तो खुशाल ओ देऊ लागला. रॉझलिनने क्वांडाँगच्या रानफळांचं सारण भरलेल्या पायवर कणकेचे लांबट परजीवी चिकटवून भाजले. थीडाला फोनवर तो म्हणाला, "म्हातारे, बाबांनी जमीन देऊन जे दिलं नाही ते तू दिलंस." एवढं मोठं वाक्य त्या घरात आजवर कुणी कुणाला बोललं नव्हतं.

पुढच्या वसंतात थीडा आली, आणि पूर्वेच्या कुंपणापलीकडे दोघांनी मिळून सरडे धरले. काचा तिने स्वतः ओढल्या. अ‍ॅडलेडला परत येऊन पाहते, तर सगळीकडे तोच जुना, जाडसर, कवचातला. क्लेमेंटी एकही नाही. हवामान, असं तिने स्वतःला सांगितलं. दुष्काळ सरलाय, म्हणून. पण मन खात होतं. तिने एका सरड्याचं रक्त, गोठू नये म्हणून औषध घातलेल्या नळीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यातला थेंब काचेवर ओढला.

वामेची पिल्लं. कवच टाकलेली, पेशीबाहेर मोकळी फिरणारी.

ती कितीतरी वेळ डोळा लावून बसली. सगळं उघड होतं. रक्त अंगाबाहेर येऊन गार पडलं की त्या बिचाऱ्या जिवाला वाटतं, आपण गोचिडीच्या पोटात पोचलो. तो कवच टाकतो आणि पुढच्या प्रवासाला निघतो. नवी जात वगैरे काही नव्हती. जुनाच परजीवी, चुकीच्या ठिकाणी उतरलेला. क्लेमने काचा तिथल्या तिथे ओढल्या नव्हत्या.

शास्त्रात याची लाज नसते. दोन ओळींचं टिपण छापायचं, चूक झाली म्हणायचं, संपलं. थीडाने दुसऱ्यांच्या कित्येक जाती अशा खोडल्या होत्या, आणि त्याच दुपारी विसरूनही गेली होती. आता फोनपर्यंत हात जाईना. क्लेमला काय सांगायचं? की तू खोटं बोललास? की मी तुझ्या 'हो हो'वर विसंबून घाई केली? की रक्तात फिरणारं तुझं नाव मीच काढून घेतेय? वसंत येईल तेव्हा समोरासमोर सांगू, असं तिने ठरवलं.

वसंत आला तेव्हा तिने प्रयोगशाळेत कामाचा रेटा असल्याचं कळवलं. पुढच्या वर्षी मरी नदीच्या कासवांच्या रक्तावर काम काढलं आणि तिकडे गेली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. क्लेम आधी फोनवर हसायचा. "कासवं झाली मोठी, आता झोपाळ्यांना कोण विचारतंय." मग हसेनासा झाला. मग फोन करेनासा झाला. काही वर्षं वसंताच्या सुमाराला काचांचं खोकं टपालाने येत राहिलं. थीडा ते कपाटात ठेवून द्यायची, उघडायची नाही. मग खोकंही थांबलं. नाताळची कार्डं तेवढी उरली, रॉझलिनच्या अक्षरातली.

अशी वर्षं गेली. दहाच्या वर गेली. थीडाला निवृत्तीचे वेध लागले होते, तेव्हा एक दिवस इमोजन तिच्या खोलीत आली. इमोजन यिओ पूर्वी थीडाच्या हाताखाली शिकलेली. आता तिच्याकडे परजीवींचे जनुक वाचायची नवी यंत्रं होती. तिने येताना दोघींसाठी चहा आणला आणि पेला हातात धरून उभीच राहिली.

"बस की," थीडा म्हणाली.

"क्लेमेंटीच्या मूळ काचांवरून खरवडून घेतलं होतं ना मी... त्याचं उत्तर आलं."

"तोच आहे. जुनाच."

इमोजनने होकारार्थी मान हलवली. आणि मग सावकाश म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

थीडाने चहाचा घोट घेतला. "चहा छान झालाय," ती म्हणाली.

इमोजनने आपला पेला खाली ठेवला. दाराशी जाऊन ती थांबली. "मी नाही छापणार, थीडा. तुम्ही स्वतः लिहा. पण लिहा. माझ्या विद्यार्थ्यांनी अजून तो दुसरा शोधत वणवण करायची, हे बरं नव्हे."

ते थीडाला लागलं. आपल्या खोलीपुरतं ठेवलेलं मौन बाहेर दुसऱ्यांच्या उन्हाळ्यांवर पसरलं होतं, याचा तिने विचारच केला नव्हता. त्याच आठवड्यात ती नॉयडॉर्फला निघाली.

दार रॉझलिनने उघडलं. आत ये म्हणाली नाही. "वाट सापडली म्हणायची."

"क्लेम आहे?"

"जाणार कुठे? फुफ्फुसं गेलीत त्याची. व्हरांड्यात असतो." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "थीडा, तुझं नि त्याचं काय बिनसलं ते मला आजतागायत कळलं नाही. पण पहिली काही वर्षं हा माणूस ऑगस्ट संपून वसंत लागला की रोज फाटकाशी जाऊन उभा राहायचा. रस्त्यावर धूळ दिसली की टोपी सारखी करायचा. आणि गाडी टपालवाल्याची निघायची. तेवढं तुला माहीत असू दे."

क्लेम खुर्चीत बसला होता, नाकात प्राणवायूची नळी. अंगाने निम्मा झाला होता. तिला पाहून त्याने हात वर केला, जणू ती कालच येऊन गेली होती.

"काय म्हातारे, कासवांनी हाकललं?"

थीडा खाली पायरीवर बसली. रस्ताभर वाक्यं जुळवत आली होती, त्यातलं एकही आठवेना. "क्लेम, तो परजीवी... तुझ्या नावाचा. तो नाहीये. म्हणजे आहे, पण तो जुनाच आहे. चूक झाली."

प्राणवायूचं यंत्र तेवढं सुसू करत होतं.

"मला पुष्कळ आधी कळलं होतं," ती म्हणाली. "तुला सांगायचा धीर झाला नाही. म्हणून मी येईनाशी झाले."

"म्हणून?" क्लेमने मान वळवली. "एवढ्याचसाठी?"

"हो."

तो हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. रॉझलिन आतून धावत आली, त्याने हाताने तिला थांबवलं. दम बसल्यावर म्हणाला, "मला वाटलं, मी खोटं बोललो ते तुला कळलं, म्हणून तू तोंड बघत नाहीस माझं."

थीडा पायरीवरून उठून त्याच्या खुर्चीपाशी आली.

"काचा मी तिथे ओढल्याच नव्हत्या. रक्त तुझ्या औषधवाल्या नळ्यांत भरलं, फ्रिजमध्ये टाकलं. दोन दिवसांनी ओढल्या. तू विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं, पण..." तो थांबला. "त्या आठवड्यात मी मेंढ्या मारत होतो, थीडा."

"काय?"

"चारा संपला होता. मेंढीला कुणी फुकट नेईना. उभ्या उभ्या पडायच्या, कावळे जिवंतपणीच डोळे फोडायचे. खड्डा खणला आणि कळपच्या कळप काठावर आणून गोळ्या घातल्या. बाबांनी जोपासलेलं सगळं वाण. सकाळी सरडे धरले होते, तू म्हणाली होतीस म्हणून. मग ते काम. ते झाल्यावर हात काचा धरण्यासारखे नव्हते. तुझा फोन आला तेव्हाही ते चालूच होतं, त्या दिवसापुरतं उरकून नुकताच अंघोळ करून बसलो होतो. वाटलं, चौकशीला केलास. दुष्काळाच्या बातम्या रेडिओवर होत्या ना." त्याने श्वास घेतला. "तू म्हणालीस, काच ओढलीस ना."

थीडाला तो फोन शब्दन् शब्द आठवत होता. ती 'हो हो'च्या आधीची शांतता इतकी वर्षं तिने लबाडीची समजली होती. आपण काय विचारलं होतं तेही आठवत होतं, आणि काय विचारलं नव्हतं ते आज पहिल्यांदा ऐकू आलं. बापाच्या मागे कुंपणं ताणत हिंडणारी, जमीन माझी होती म्हणून मनात कुढणारी ती. त्या जमिनीवर खड्डा खणला गेला तेव्हा तिला एका काचेपलीकडे काही दिसलं नव्हतं.

"तू सांगायचंस, क्लेम."

"तू विचारायचंस."

रॉझलिन दारात उभी होती. "म्हणजे दोघं नोस्के, आपापल्या घरात तोंड शिवून बसलात. आणि मी वेडी कार्डं लिहीत राहिले." ती आत गेली आणि भांड्यांचा जोरात आवाज आला.

जेवताना थीडाने सांगितलं की ती आता छापील चूक-दुरुस्ती लिहिणार आहे. "नाव अगदी पुसून टाकत नाहीत. जुन्या नावाखाली, बारीक अक्षरांत राहतं. अमक्याने अमुक साली याला असंही म्हटलं होतं, म्हणून. कायमचं राहतं."

"लग्नानंतर माझं माहेरचं नाव राहिलं तसं," रॉझलिन म्हणाली. "तेव्हा कुणाचा घास अडला नव्हता."

क्लेम हसला. "आपल्या गावाचं जर्मन नाव जर्मनीशी युद्ध पेटलं तेव्हा सरकारने काढलं होतं, पुढे परत दिलं, ठाऊक आहे ना? आजी तर म्हणायची, पाटी बदलली, माश्या त्याच. लिही तू. फक्त पबमध्ये मीच सांगणार. तिथे तू लुडबुड करू नकोस."

पण त्याला पबपर्यंत जाणं झालं नाही. लेख थीडाने तिथेच, आईच्या टेबलावर लिहिला. चूक कशी झाली हे लिहिताना तिने रक्त उशिरा पसरल्याचं लिहिलं, आणि ते न तपासता छापण्याची घाई आपली, असंही लिहिलं. क्लेमने वाचून पाहिला आणि एक शब्द बदलायला लावला. 'साहाय्यक' असं तिने त्याच्याविषयी म्हटलं होतं, तिथे त्याने 'भाऊ' घालायला सांगितलं. शास्त्रीय लेखात असं चालत नाही, ती म्हणाली. मग चालव, तो म्हणाला. संपादकाने तो शब्द काढून टाकला, पण छापून आलं तोवर क्लेम उरला नव्हता.

त्याला तो अर्धा वसंत मिळाला. थीडा राहायलाच आली होती. सकाळी ऊन चढलं की ती त्याला गाडीत पुढच्या सीटवर बसवायची, प्राणवायूची टाकी पायाशी, आणि कुंपणाकुंपणाने हळूहळू गाडी चालवायची. रक्त काढायचं सोडूनच दिलं होतं. झोपाळ्या दिसला की क्लेम काच खाली करायचा आणि दोघंही नुसती बघत बसायची. एका दिवशी खड्ड्याच्या जागेपाशी त्याने थांबायला सांगितलं. आता तिथे खारझुडपं दाट माजली होती.

"इथे?" तिने विचारलं.

"इथे."

"कसं केलंस रे तू ते? एकट्याने?"

आणि मग क्लेमने सांगितलं. पहिल्या मेंढीपासून सांगितलं. दम लागत होता, तरी थांबला नाही. थीडा इंजिन बंद करून ऐकत राहिली. सांगून झाल्यावर तिने त्याचा हात धरला. चाळीस-पन्नास वर्षांत तिने तो धरला नव्हता.

नोव्हेंबरात, उन्हाळ्याचे पहिले गरम वारे सुटले त्या आठवड्यात क्लेम गेला.

जमीन शेजाऱ्याने खंडाने घेतली. रॉझलिन क्लेअर गावात एका लहानशा घरात राहायला गेली. थीडाही निवृत्त झाली होती. ती दर पंधरवड्याला तिच्याकडे जायची. रॉझलिन चहा करायची, बाजारातून काय आणायचं ते सांगायची, गुडघ्याची तक्रार करायची. क्लेमचा विषय दोघीही टाळायच्या.

एकदा थीडा निघताना दाराशी म्हणाली, "मी येते हे तुला चालतं ना, रॉझ? नको असेल तर सांग स्पष्ट."

रॉझलिनने एप्रनला हात पुसले. "नावाचं काय, ते मी कधीच विसरले. तो पोरखेळ होता. पण ती वर्षं, थीडा... तो फाटकाशी उभा राहायचा ती. ती मी तुला माफ केली नाहीत. करेन असंही वाटत नाही."

"बरोबर आहे," थीडा म्हणाली.

"पण येत जा," रॉझलिन म्हणाली. "आणि येताना मेटवर्स्ट त्या कोपऱ्यावरच्या खाटकाकडून आण. मागच्या वेळचं खारट होतं."